अंदाज बांधण्याआधी पॅच बघ

तू विचारलंस, ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये, कोणती टीम जिंकेल हे ठरवताना आधी काय बघायचं. नाव आणि जुन्या ट्रॉफ्या नक्कीच नाही. आधी बघ, स्पर्धा कोणत्या पॅचवर, म्हणजे गेमच्या कोणत्या अपडेटवर, खेळली जाणार आहे. महिनाभरापूर्वी सगळ्यांना हरवणारी टीम नव्या पॅचनंतर चाचपडताना मी कितीदा तरी पाहिली आहे. तिचे आवडते हिरो (गेममधली पात्रं) अपडेटमध्ये कमजोर झाले की तिची अर्धी ताकद गेली.

मग सामन्याचं स्वरूप. एकाच मॅपवर (गेममधल्या एका मैदानावरच्या एकाच डावात) निकाल लागणार असेल तर दुबळी टीमही धक्का देते. पाचपैकी तीन डाव जिंकायचे असतील तेव्हा सखोल तयारी असलेली टीम सहसा वर येते. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये तर मॅप व्हीटो, म्हणजे कोणती टीम कोणते मॅप बाद करते ते, नीट वाचल्याशिवाय काही बोलूच नकोस.

खेळाडू बदलले म्हणून टीम लगेच मोडीत काढू नकोस. २०१८ च्या 'द इंटरनॅशनल' या डोटा २ गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर ओजी या टीमचे दोन खेळाडू सोडून गेले, कोच सेब स्वतः खेळायला उतरला, आणि ओपन क्वालिफायरमधून (सगळ्यांसाठी खुल्या पात्रता फेरीतून) आलेल्या या टीमने अंतिम फेरीत पीएसजी.एलजीडी टीमला ३-२ असं हरवलं. डीआरएक्स टीमनेही लीग ऑफ लेजेंड्स या गेमची २०२२ ची वर्ल्ड्स ही जागतिक स्पर्धा प्ले-इनपासून (मुख्य फेरीआधीच्या फेरीपासून) सुरुवात करून जिंकली. त्या रात्री त्यांचा खेळाडू डेफ्टच्या चेहऱ्याकडे बघून माझेही डोळे भरून आले होते.

अंदाज चुकला तर चुकू दे, पण खेळाडूला शिव्या घालू नकोस. हरलेला सामना पुन्हा बघ, विशेषतः ड्राफ्ट, म्हणजे डावाआधी हिरो निवडण्याचा टप्पा. तिथेच सगळ्यात जास्त शिकशील.