मालदीवच्या बेटावर साइट सांभाळायला येताय? आधी बार्जच्या फेऱ्या मोजा

नमस्कार. मुलुंडला टॉवरच्या साइटवर दहा वर्षं काढलीत, आता मालदीवच्या एका दूरच्या बेटावर रिसॉर्टचं बांधकाम बघायची ऑफर आलीय, घ्यावी का आणि तयारी काय करावी, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, पण मुंबईची एक सवय तिकडेच ठेवून या. तिथे पंप बिघडला की नागदेवीच्या बाजारात माणूस धाडता, केबल कमी पडली की लोहार चाळीच्या बाजारात, आणि आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी फोनवर येते. इकडे सिमेंटपासून नटबोल्टपर्यंत सगळं बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, येतं. त्यामुळे वेळापत्रक बार्जच्या तारखांवर बेतायचं.

एम४० ग्रेडच्या काँक्रीटच्या एका घनमीटरला ४०० किलो सिमेंट, साधारण ११०० किलो खडी, ७०० किलो रेती आणि १६० लिटर पाणी धरा. काम ५००० घनमीटरचं असेल तर सिमेंटच्या ४०,००० गोण्या, ५५०० टन खडी, ३५०० टन रेती. ५०० टनी बार्जच्या २२ फेऱ्या एवढ्यातच संपल्या. सळई, शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे), डिझेल, किराणा वेगळा. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा असतो. समुद्र खवळला की बार्ज प्रवाळाच्या खिंडीबाहेरच थांबते आणि मजूर बसून राहतात. म्हणून खडी-रेती एप्रिलपर्यंत भरून ठेवा. सिमेंट मात्र लागेल तसंच मागवा, दमट हवेत गोणी आतून गठ्ठा होते. ३ महिन्यांवरचं सिमेंट पुन्हा टेस्ट केल्याशिवाय वापरू नका.

खरा शत्रू मीठ. बेटावरच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, त्यामुळे काँक्रीटच्या पहिल्या ओतकामाआधी खारं पाणी गोडं करणारा आरओ प्लांट चालू हवा. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पाणी चोख असलं तरी मीठ वाऱ्याने येतं. उघड्यावर पडलेल्या सळईवरून बोट फिरवा, चिकट थर लागेल. वायर ब्रशने गंज निघतो, क्षार जात नाहीत. शटर बंद करण्याआधी गोड्या पाण्याच्या प्रेशर जेटने सळई धुवायची, खडीवर ताडपत्री हवी. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, समुद्राचे तुषार बसतात तिथे ५० मिलिमीटर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. हे अंतर राखणारे कव्हर ब्लॉक त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे करून घ्या आणि सळया बांधायच्या बाइंडिंग वायरची टोकं आत वळवा. बाहेर राहिलेल्या टोकापासूनच गंज आत शिरतो. यावर मुकादमाशी भांडावं लागलं तरी भांडा.

जमिनीखाली मीटर-दीड मीटरवर पाणी लागतं. एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरणाची) किंवा पाण्याची टाकी बांधताना खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप लवकर बंद केला तर रिकामी टाकी बोटीसारखी वर येते. ६ बाय ४ मीटरची टाकी पाण्यात २ मीटर बुडली की तिला खालून ४८ टनांचा रेटा बसतो. टाकीचं स्वतःचं वजन आणि वरची भर मिळून त्याहून पुरेशी जास्त झाली, हे कागदावर मांडल्याशिवाय पंप थांबवू नका. उपसाही गरजेपुरताच ठेवा, नाहीतर खालचं खारं पाणी वर चढतं आणि बेटाचा गोड्या पाण्याचा थर जातो. तो परत भरायला पावसाशिवाय दुसरा मार्ग नाही.

काँक्रीट बनवणारा बॅचिंग प्लांट तासाला ३० घनमीटरचा असला तरी ओतकामाचा बेत तासाला १८-२० घनमीटर धरूनच करा. शेजारी एक साधा मिक्सर आणि काँक्रीट दाबून बसवणारा जास्तीचा व्हायब्रेटर तयार ठेवा. मधेच प्लांट थांबला तर निदान जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा योग्य जागी घेता येतो.

आता तुमचं स्वतःचं. टुरिस्ट व्हिसावर येऊन ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला नाही म्हणा, वर्क परमिटची मंजुरी हातात आल्यावरच विमानात बसा. पूजेची मूर्ती, दारू, डुकराचं मांस सामानात नको, कस्टममध्ये अडतं. नोकरीसाठी देश सोडताय, तेव्हा त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर आयकरासाठी अनिवासी ठरता. रजेवर घरी आलेले दिवसही त्यात धरतात. सप्टेंबरअखेरच्या पुरेसं आधी निघालात तर सोयीचं.

पगार डॉलरमध्ये मिळणार की नाही आणि किती महिन्यांनी घरी जायचं तिकीट, हे करारात लिहून घ्या. सीप्लेन फक्त उजेडात उडतात. रात्री कुणाचं अपेंडिक्स फुटलं तर स्पीडबोट कोणाची, डिझेल कोणाचं आणि हॉस्पिटलचा खर्च कुठल्या विम्यातून, याचं उत्तर सही करण्याआधी लेखी मागा.