गरम झाली की बंद पडणारी 58 सीसी चेनसॉ: पिस्टन बदलण्याआधी काय तपासायचं, आणि पार्ट कोणत्या मापाचे घ्यायचे

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 58 सीसीची पेट्रोल चेनसॉ, 22 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). वरुडकडच्या जुन्या संत्राबागा आणि धुऱ्यावरच्या बाभळी तोडायला वापरता. सकाळी दोन झटक्यांत चालू होते, वीसेक मिनिटांनी दम सोडते आणि बंद पडली की थंड होईपर्यंत उठत नाही. मेकॅनिकनं पिस्टन किट टाकायला सांगितलं आहे. शिवाय नवी आणलेली चेन बारवर डुगडुगते आणि काप तिरपा जातो.

हे दोन वेगळे बिघाड आहेत. आधी इंजिन घेऊ. पिस्टनवर अजून एक रुपयाही घालू नका.

मशीन बंद पडेल त्याच क्षणी पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूच सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि मशीन लगेच चालू झाली, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा येण्याचं छिद्र, चोंदला आहे. पेट्रोल संपत जातं तशी आत हवा यायला पाहिजे. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. भुसा आणि तेल मिळून हा व्हेंट नेहमी बुजतो. पेट्रोलनं धुऊन फुंकून पाहा, नाहीतर बदला.

झाकण उघडूनही उठली नाही तर गरम असतानाच प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही: टाकीतला फिल्टर, नळी, कार्बोरेटर या क्रमानं बघा. प्लग ओला असेल तर तो कॅपमध्ये लावा, त्याची धातूची बाजू सिलिंडरला टेकवा, प्लगच्या भोकावर फडकं दाबा आणि दोरी ओढा. ठिणगी नाही, पण अर्ध्या तासानं थंड झाल्यावर येते? मग इग्निशन कॉइल गेली. तापल्यावर आतली तार तुटक होते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलच्या चुंबकापासून 0.3 मिमी अंतर ठेवा. मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड धरून बोल्ट आवळले की काम होतं. हे सगळं नवा प्लग लावून पाहा. त्याची गॅप 0.6 मिमीच्या आसपास हवी.

आता कार्बोरेटर. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि स्वस्त मशीनमधल्या नळ्या, डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) फुगवतं किंवा कडक करतं. डायफ्राम कडक झाला की सुईचा दट्ट्या पुरता दबत नाही आणि भर आली की पेट्रोल कमी पडतं. डायफ्राम बोटांनी वाकवून बघा. चांगला असेल तर कापडासारखा लवतो. जुना झालेला वाळक्या पानासारखा कुरकुरतो. कार्बोरेटरचं किट घेताना त्याच्या अंगावर कोरलेला नंबर दुकानदाराला दाखवा. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा, कारण दोन्ही बाजूंना गॅस्केट आणि डायफ्रामचा क्रम वेगळा असतो. नवी सुई आणि दट्ट्या बसवताना दट्ट्याची उंची जुन्याइतकीच ठेवा.

ट्यूनिंग: कार्बोरेटरवरचे ‘एल’ (कमी रेसचा) आणि ‘एच’ (पूर्ण रेसचा) हे दोन्ही स्क्रू हलक्या हातानं बसवा आणि तिथून एक-एक फेरा उघडा. जोर लावून आवळू नका, सुईची जागा कायमची खराब होते. मग मशीन गरम करून भर नसताना पूर्ण रेस द्या. आवाज किंचित फडफडता, घोगरा यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. रिकाम्या रेसलाच शिट्टीसारखा कडक आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. ‘एच’ थोडा उघडा. याच पातळ मिश्रणानं पिस्टन चिकटतात. मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात तर काही मिनिटांतच.

आता पेट्रोल-ऑइलचं मिश्रण. या मशीनना बहुतेक उत्पादक 25:1 सांगतात, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मिली टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल. 20 मिली घालून बचत करू नका. मिश्रण पंधरा दिवसांत संपेल एवढंच करा. काम थांबणार असेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. दुपारी मशीन उन्हात ठेवण्यापेक्षा बाभळीच्या सावलीत ठेवा.

पिस्टन खरंच गेला आहे का, ते न खोलता कळतं. सायलेन्सरचे बोल्ट काढा, तिथून पिस्टनची बाजू दिसते. दोरी सावकाश ओढत बघा. उभे ओरखडे असतील तरच पुढे जा. ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला असतील तर कारण तेल कमी किंवा मिश्रण पातळ; कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेली. कारण दूर न करता नवं किट टाकलं तर तेही तसंच जाईल. लेथवर सिलिंडर बोअर करून घेऊ नका. आतल्या भिंतीवर कठीण मुलामा असतो, तो निघाला की सिलिंडर निकामी होतं. सायलेन्सरच्या आतली जाळी काजळीनं बुजली असेल तर तीही घासून घ्या, ताकद कमी होण्याचं ते अगदी साधं कारण आहे.

आणि इथेच पार्टचा घोळ होतो. बाजारात 45, 52 आणि 58 सीसीच्या पिस्टन किटची डबी वेगळी असते, पण बाहेरून मशीन जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पिस्टन साधारण 43, 45 आणि 45.2 मिमीचे. 45 चा पिस्टन 45.2 च्या सिलिंडरमध्ये सहज उतरतो, चालतोही, पण कॉम्प्रेशन देत नाही. म्हणून मशीनवरच्या स्टिकरवर विसंबू नका. व्हर्निअरनं जुना पिस्टन, त्याची पिन आणि रिंगची जाडी मोजा आणि चिठ्ठीवर लिहून न्या. नवा पिस्टन बसवताना बाण सायलेन्सरकडे. स्टिल कंपनीच्या एमएस 170 आणि एमएस 180 ची गंमतही तीच: पिस्टन 37 आणि 38 मिमी, डब्यावर मात्र कधी दोन्ही नावं छापलेली.

आता चेन. ती डुगडुगते आहे म्हणजे बहुधा गेज, म्हणजे खाचेत बसणाऱ्या दात्याची जाडी, चुकला. बारवर कोरलेलं वाचा. पुसलं असेल तर तीन गोष्टी मोजा. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर घेऊन निम्मं करा, ती पिच. तीन रिव्हेटमध्ये 16.5 मिमी आलं तर 0.325 इंच, 19 च्या आसपास आलं तर 3/8 इंच. मग गेज, बारच्या खाचेत बसणाऱ्या दात्याची जाडी: 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. तुमच्या वर्गातल्या मशीनला सहसा 0.325 आणि 1.5 असते. शेवटी हे खालचे दाते मोजा. 22 इंचीला बहुधा 86, तरी मोजाच. ‘22 इंची द्या’ एवढं म्हटलं तर दुकानात काहीही मिळेल.

चेनची पिच आणि गरारीची (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाची) पिच एकच हवी. दोन चेन झिजल्या की गरारीही बदला, नाहीतर नवी चेन तिच्यावर घासून लांबते. गरारी काढायला क्लच उघडावा लागतो आणि त्याचा आटा उलटा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्टार्टरची दोरी घाला. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पिस्टनला भोक पडतं.

काप तिरपा जाण्याचं कारण धार किंवा बार. 4.8 मिमीची गोल कानस घ्या, 30 अंशांत, आतून बाहेर, फक्त पुढे ढकलून. प्रत्येक कापणाऱ्या दात्याला मोजून तितकेच घाव: एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच झाले की काप वळलाच समजा. चार-पाच वेळा धार लावल्यावर कापणाऱ्या दात्यापुढचा उंचवटा चपट्या कानसेनं दात्याच्या धारेपेक्षा 0.65 मिमी खाली ठेवा. जास्त घासलात तर मशीन हातातून उसळते. बार काचेवर उभा करून बघा, झुकला तर त्याच्या कडा घासून समान करा. दर धारेला बार उलटा करत जा.

संत्र्याच्या बुंध्याला माती आणि बोर्डो पेस्टचा (मोरचूद-चुन्याच्या लेपाचा) थर असतो. कुऱ्हाडीनं साल सोलून मगच कापा. धुऱ्यावरच्या बाभळीत जुनी तार रुतलेली असते, बुंधा आधी हातानं चाचपून घ्या. एका तारेनं सगळी धार जाते. बार ऑइल (चेन-बारचं वंगण) म्हणून ट्रॅक्टरचं जळकं तेल घालू नका, त्यातली घाण ऑइल पंप खाते. उन्हाळ्यात नवं 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल चालेल. तेल येतं का बघायला बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर वीतभर धरून रेस द्या. काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे.