अळी आजारी कशी पडते? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

बार्शीहून एका हरभरावाल्या दादांनी विचारलंय: एचएएनपीव्ही (घाटेअळीला आजारी पाडणाऱ्या व्हायरसचं जैविक औषध) मारलं, चार दिवस झाले तरी घाटेअळी जिवंतच. शेजाऱ्याच्या रानात मात्र अळ्या उलट्या लटकून मेल्या. माल बोगस होता का?

दादा, माल बोगस म्हणायच्या आधी दोन गोष्टी सांगा, फवारलं किती वाजता आणि अळी केवढी होती? तुमच्या मेसेजमधे दुपारी बाराची वेळ आहे आणि फोटोतली अळी करंगळीएवढी आहे, मला वाटतं घोळ तिथंच झालाय.

हा व्हायरस अंगावर पडून काही करत नाही, पानाबरोबर अळीच्या पोटात जावा लागतो, आणि सोलापूरच्या उन्हात तो पानावर तसाच निकामी होतो. म्हणून संध्याकाळी फवारायचं आणि पंपात थोडी कपड्याची नीळ टाकायची, तिच्यामुळं उन्हातल्या अतिनील किरणांपासून थोडं संरक्षण मिळतं.

आता अळीच्या अंगातलं बघू. आपल्या लसीवर ज्या अँटिबॉडी तयार होतात तसलं अळीकडं काही नाही, पण म्हणून ती दुबळी नाही. एखाद्या अळीला सुई टोचून बघा, पोपटी-पिवळसर थेंब बाहेर येतो आणि थोड्या वेळात काळा पडतो. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसल्याच जातीची रासायनिक क्रिया आहे ती, जखम बंद होते आणि आत शिरलेले जंतू त्यात अडकून मरतात. शिवाय तिच्या रक्तात जंतू मारणारी छोटी प्रथिनं सुटतात, 1980 च्या सुमाराला स्वीडनमधे हान्स बोमन यांच्या टीमनं सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगात ती पहिल्यांदा वेगळी काढली, म्हणून त्यांचं नाव सेक्रोपिन.

व्हायरस आतड्याच्या पेशीत घुसला की ती पेशी स्वतःलाच मारून घेते, म्हणजे व्हायरस पुढं पसरायला नको. पण या गटातल्या व्हायरसांकडं पेशीचं ते मरण थांबवणारी जीन असते. लहान अळीत त्यामुळं व्हायरस जिंकतो. मोठी अळी मात्र कात टाकताना लागण झालेल्या आतड्याच्या पेशी पण टाकून देते आणि वाचते. म्हणून अंड्यातून नुकत्या निघालेल्या, बारीक दोऱ्यासारख्या अळ्या दिसल्या की त्याच संध्याकाळी फवारा, आणि अळी मरायला चार ते सात दिवस लागतात हे धरून चाला. शेजाऱ्याच्या रानातल्या लटकलेल्या अळ्या तुमच्या पण कामाच्या आहेत, त्या फुटल्या की तोच व्हायरस पानांवर सांडतो.

मोहोळच्या एका ताईंचा प्रश्न: आमचं तुतीवर रेशीम आहे, बांधाला लागून दिरांची तूर आहे. ते जैविक औषध मारणार म्हणतात. जैविक आहे म्हणजे चालेल ना?

ताई, नाही, सरसकट चालणार नाही! हे मी अगदी कळकळीनं सांगतोय, कारण ‘जैविक’ शब्द वाचून लोक निर्धास्त होतात आणि पूर्ण बॅच हातची जाते. रेशीमकिडा म्हणजे पण पतंगाची अळीच. जैविक औषधांत बीटी नावाचा जिवाणू असतो, तो जपानमधे 1901 साली पहिल्यांदा सापडला आजारी रेशीमकिड्यातच. अळीच्या आतड्यातला रस साबणाच्या पाण्यासारखा अल्कली असतो, त्यात बीटीचं विष मोकळं होतं, आतड्याला भोकं पडतात आणि आतले जंतू रक्तात उतरतात, मग प्रतिकारशक्ती कितीही असू दे, निभाव लागत नाही. बिव्हेरिया ही जैविक औषधातली बुरशी तर आणखी वाईट, तुमच्याकडं किडा कडक होऊन पांढरा पडतो तो मस्कार्डिन रोग त्याच बुरशीचा. 1835 मधे इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी दाखवून दिलं होतं की हा रोग बुरशीमुळं होतो.

तुरीवर घाटेअळीचा एचएएनपीव्ही चालेल, तो रेशीमकिड्याला लागत नाही, तुमच्या किड्याला ग्रासरी हा रोग लावणारा व्हायरस वेगळा. दिरांना तेवढंच मारायला सांगा, आणि तरीही त्या बाजूचा तुतीचा पाला त्या आठवड्यात तोडू नका.

माळशिरसहून: मक्यात लष्करी अळीला बुरशीपासून बनवलेलं जैविक औषध मारलं, काहीच फरक नाही.

हवेत ओल होती का? बुरशी तोंडातून जात नाही, अंगावर रुजून कातडी फोडून आत घुसते, त्याला दमट हवा लागते. 2018 मधे ही अमेरिकन लष्करी अळी आपल्या जिल्ह्यात आली तेव्हापासून मी बघतोय, भुरभुर पावसाच्या आठवड्यात बुरशी छान चालते, कोरड्या वाऱ्यात पैसे वाया. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, पडेल असं संध्याकाळी मारा.

सांगोल्याच्या डाळिंबवाल्या काकांचा प्रश्न: सुरसा अळीवर बीटी चालतं का?

काका, फळात शिरायच्या आधी चालतं, नंतर नाही. सुरसा ही फुलपाखराची अळी आहे, मादी फुलावर आणि कोवळ्या फळावर सुटं सुटं अंडं घालते, अळी निघाली की लगेच पोखरून आत जाते, मग फवारा पोचणार कुठून आणि बीटी तिच्या पोटात जाणार कसं? भोक पडलेली, विष्ठा बाहेर आलेली फळं तोडून नष्ट करा, बागेत टाकून ठेवू नका.

करमाळ्याचा बीएस्सी अ‍ॅग्रीचा विद्यार्थी विचारतो: रेझिस्टन्स आणि इम्युनिटी एकच का?

नाही रे. कापसाच्या गुलाबी बोंडअळीवर आज बीटी कापसातलं विष चालत नाही ते तिचं रक्त तगडं झालं म्हणून नाही. विष आतड्यात जिथं चिकटतं ती जागाच काही अळ्यांमधे बदललेली होती, त्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली, हा रेझिस्टन्स. इम्युनिटी म्हणजे आत आलेल्या शत्रूशी लढणं. तू परीक्षेत दोन्ही वेगळं लिही.

अक्कलकोटहून एका ताईंनी फोटो पाठवलाय: हरभऱ्याच्या पानावर तांदळाएवढा करडा कोष, शेजारी चिपाड झालेली अळी. फवारू का?

ताई, थांबा! हा कॅम्पोलेटिस नावाच्या बारक्या गांधीलमाशीचा कोष दिसतोय. ही माशी बारीक घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. एरवी अळीच्या रक्तातल्या पेशी अशा अंड्याला चहूबाजूंनी चिकटून, वेढून, काळं करून मारून टाकतात, पण माशी अंड्याबरोबर स्वतःचा एक व्हायरस पण सोडते आणि त्या पेशी लुळ्या पडतात. अळी आतून खाल्ली जाते आणि बाहेर हा कोष उरतो. तुम्ही आत्ता रासायनिक मारलं तर आधी ही माशी जाईल. दोन दिवस जाऊ दे, मग पाच-सहा ठिकाणी मीटरभर ओळीतल्या जिवंत अळ्या आणि असे कोष, दोन्ही मोजा आणि आकडे मला पाठवा.