पाळकांनी दर रविवारी एकच पुस्तक ओळीने शिकवत राहावं का? मग मंडळीची काळजी कोण घेणार?

तुम्ही लिहिलंय की चर्चमध्ये नवे पाळक आलेत, सात महिने बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातून (येशूच्या चरित्राच्या पुस्तकातून) ओळीने चाललेत आणि अजून सहाव्या अध्यायातच आहेत. घरभेटींचं विचारलं की अभ्यासातून वेळ मिळत नाही म्हणतात. हा विवरणात्मक उपदेश नक्की काय असतो आणि त्यात मंडळीकडे दुर्लक्ष होत नाही का, असं तुम्हाला विचारायचंय.

मी एकतीस वर्षं पाळक होतो, आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, नंतर पुण्यात. आता निवृत्त आहे. तुमच्या पाळकसाहेबांचं ओळीने शिकवणं मला पटतं. वेळ नसल्याची सबब अजिबात पटत नाही.

आपल्याकडे बहुतेक वेळा शनिवारी रात्री विषय सुचतो: धीर, क्षमा, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देणं (चर्चच्या छपराचं काम निघालं की हमखास दशांश). मग त्याला साजेसं वचन शोधायचं. विवरणात्मक उपदेशात आधी उतारा घ्यायचा, आणि त्यात जे सांगितलंय तेच संदेशात सांगायचं, मला सोयीचं असो वा नसो. ज्ञानेश्वरीवरची प्रवचनं ऐकली असतील तर ही चाल तुमच्या ओळखीची असेल. आज जिथे थांबलो, पुढच्या वेळी तिथून सुरुवात.

यिर्मया 29:11 घ्या, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन आपल्या घराघरांत कॅलेंडरवर असतं. दहावीच्या परीक्षेआधी मीही पोरांना तेच द्यायचो. मग एका वर्षी यिर्मया ओळीने घेतला आणि अठ्ठाविसावा अध्याय आडवा आला. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडतो आणि सांगतो, यहूदी लोकांना कैद करून नेणाऱ्या बाबेलची सत्ता दोन वर्षांत अशीच मोडेल. ऐकायला किती गोड! पण तो खोटा ठरतो. पुढच्या अध्यायात यिर्मया बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहरासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षं लागतील. कॅलेंडरवरचं वचन या पत्रातलं आहे. पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत न जाता तिथेच मरणार होते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी एका घरी गेलो होतो. बाई तीन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर. नवरा तिला चमच्याने पेज भरवत होता. बाहेरून येणारा प्रत्येक प्रचारक नाताळपर्यंत ती चालेल असं सांगून जायचा, आणि नाताळ झाला की तिच्याच विश्वासात काहीतरी कमी आहे असं ठरायचं. हे त्याने मला पेज भरवता भरवता सांगितलं. त्यामुळे रविवारी मी अकराव्या वचनाकडे धावलो नाही, सत्तर वर्षांवरच रेंगाळलो. उपासनेनंतर तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, दोन वर्षांत होईल म्हणणाराच खोटा होता तर." माझ्या सगळ्या टिपणांत हे इतकं नेमकं कुठे नव्हतं.

म्हणून वेळ नाही हे मला पटत नाही. ओळीने उपदेश करणाऱ्यांत स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली याचं नाव आधी घेतात. 1 जानेवारी 1519 ला झुरिचमध्ये त्याने त्या त्या रविवारसाठी नेमून दिलेले पाठ बाजूला ठेवले आणि मत्तयाचा पहिला अध्याय उघडला. पण त्याच वर्षी शहरात प्लेग आला तेव्हा तो हवापालटासाठी बाहेर गेला होता, हे फार कोणी सांगत नाही. तो परत आला, आजाऱ्यांमध्ये राहिला, स्वतःही प्लेगने पडला आणि मरता मरता वाचला.

आता माझी फजिती. तरुणपणी मी लंडनचे उपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स यांच्याविषयी वाचलं होतं. 1955 ते 1968 अशी जवळजवळ तेरा वर्षं त्यांनी बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र शिकवलं आणि चौदाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनाशी थांबले. भारावून मीही खेड्यातल्या मंडळीत रोमकरांस पत्र काढलं. वर्ष संपलं तरी तिसरा अध्याय संपेना. अर्धी माणसं ऊसतोडीला जाऊन परत आली तरी मी तिथेच! शेवटी एक आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, येशू कधी येणारे यात?" नंतर कळलं की लॉइड-जोन्स हे शुक्रवारी संध्याकाळी शिकवायचे, रविवारी नव्हे. ज्यांना खोलात जायचंय ते मुद्दाम यायचे. मी मात्र दिवसभर राबणाऱ्या माणसांना त्यांच्या एकुलत्या एका उपासनेत ते पाजत होतो. तेव्हा सात महिन्यांत सहावा अध्याय ही गती काही वाईट नाही. मार्कात गोष्टी आहेत, त्या चालतात.

पुढे माझा क्रम बसला. मंगळवारी उतारा वाचायचा, बुधवार ते शुक्रवार दुपारी घरभेटी, शनिवारी लिहायचं. भेटीला जाताना उतारा डोक्यात असायचा, आणि लिहायला बसलं की ती घरं डोळ्यांसमोर यायची. भेट म्हणजे चहा-पोह्यांची फेरी नव्हे. वीस मिनिटं बसा, ऐका, प्रार्थना करा, उठा.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींकडे तक्रार घेऊन जाऊ नका. पाळकसाहेबांनाच भेटा, आणि त्यांच्याच मार्कातून बोला. पहिल्या अध्यायात येशू शिमोनाच्या घरी जातो, तिथे त्याची सासू तापाने पडलेली असते. पाचव्यात तो याईराच्या घरी, त्याच्या आजारी मुलीसाठी निघतो, वाटेत एका बाईसाठी थांबतो आणि तरीही त्या घरी पोचतो. हे दोन्ही संदेश त्यांनी या सात महिन्यांतच दिलेत. तुमच्या गल्लीत कोणी आजारी असेल तर त्यांना म्हणा, "साहेब, बुधवारी चार वाजता मी गाडी घेऊन येतो, बरोबर जाऊ."