इन्स्टंट फिल्म: आधी फिल्म बघा, मग होल्डर घ्या

लार्ज फॉरमॅट, म्हणजे ४×५ इंची सुट्या शीटच्या मोठ्या कॅमेऱ्यावर इन्स्टंट फिल्म वापरण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: ४×५ कॅमेऱ्याचा पोलरॉइड ५४५ होल्डर एका जुन्या सामानवाल्याकडे अगदी नव्यासारखा मिळतोय. माझ्या कॅमेऱ्याला ग्राफलॉक बॅक (फोकसची काच काढून तिच्या जागी होल्डर अडकवता येणारा मागचा भाग) आहे, लेन्स १५० मिमीची. घेऊ का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: घेऊ नका. होल्डर नवा दिसत असेल, पण त्यात घालायची फिल्म आज कुणीच बनवत नाही. ५४५ मध्ये एकेक शीट तिच्या पाकिटासकट सरकवायची असते. बाजूच्या दांड्याला एल (लोड) आणि पी (प्रोसेस) अशा दोन जागा असतात. दांडा पीवर नेला की रूळ मिटतात आणि पाकीट ओढताना रसायनाची पुडी फुटून थर पसरतो. याच होल्डरात टाइप ५५ चालायची, प्रिंटबरोबर छापण्याजोगी निगेटिव्हही देणारी. पोलरॉइडने २००८ साली इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे न्यू५५ने तशीच शीट पुन्हा काढली, पण २०१७ अखेर तेही थांबलं. जुनी पाकिटं अजून विकायला येतात, मात्र त्यांतल्या पुड्या बहुधा वाळलेल्या असतात. वाळलेलं रसायन कडेपर्यंत पोचत नाही आणि अर्धी शीट कोरी राहते.

पोलरॉइड ४०५ आणि फुजी पीए-१४५ यांची गोष्टही फारशी वेगळी नाही. हे होल्डर ३¼×४¼ इंची पॅकफिल्मचे, म्हणजे एका पॅकमध्ये अनेक शीट असलेल्या फिल्मचे. मोठ्या प्रमाणावर निघणारी शेवटची पॅकफिल्म एफपी-१००सी होती आणि फुजीने ती बंद करत असल्याचं २०१६ मध्ये सांगितलं. व्हिएन्नाच्या सुपरसेन्सने वन इन्स्टंट नावाने हाताने जोडलेली पॅकफिल्म काढली, पण रोजच्या कामाला ती परवडणारी नाही. पीए-१४५ आधीच घरात असेल तर सांभाळून ठेवा. नव्याने त्यात पैसे घालू नका.

आज दुकानात सहज मिळणारी फिल्म म्हणजे फुजीची इन्स्टॅक्स वाइड. एका पॅकमध्ये १० प्रिंट, चित्राचा आकार ९९×६२ मिमी, आयएसओ ८००. ती ४×५ वर वापरायला लोमोग्राफलॉक ही बॅक (फिल्मचा पॅक धरून कॅमेऱ्यामागे बसणारा भाग) आहे आणि तुमच्या ग्राफलॉकवर ती थेट बसते. आमचा कौल तिलाच. फिल्मवर प्रकाश मागच्या बाजूने पडतो आणि चित्र पुढून दिसतं, त्यामुळे मध्ये आरसा नसूनही दुकानांच्या पाट्या सुलट वाचता येतात. पोलरॉइडची ६०० किंवा एसएक्स-७० फिल्म जुगाड करून बसवली तर चित्र उलटं येईल, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: लोमोग्राफलॉक घेतली. ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर) भिंगाने पाहून फोकस करतो, तरी उपवन तलावापलीकडचे डोंगर प्रत्येक प्रिंटवर धूसर येतात. जवळचं गवत मात्र स्पष्ट. लेन्स बिघडली का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: लेन्स ठीक आहे. या बॅकमध्ये फिल्म ग्राउंड ग्लासच्या पातळीवर नसते, सुमारे २ सेंटीमीटर मागे असते. १५० मिमी लेन्स अनंतावर लावली आणि फिल्म २ सेंटीमीटर मागे गेली, की खरा फोकस सव्वा मीटरच्या आसपास येऊन पडतो. म्हणून गवत स्पष्ट आणि डोंगर धूसर. लेन्स जितक्या कमी मिमीची तेवढी चूक मोठी. ॲपर्चर कितीही बारीक केलं तरी ती पूर्ण भरून निघत नाही.

बॅकबरोबर फोकसिंगसाठी एक चौकट येते. ती लावूनच चित्र जुळवा आणि फोकस करा, स्टँडर्डचे (लेन्स आणि फिल्म धरणाऱ्या पुढच्या-मागच्या भागांचे) स्क्रू घट्ट करा, मग चौकट काढून बॅक बसवा. बॅकचं वजन बरंच असतं; हलक्या लाकडी कॅमेऱ्यात मागचा भाग किंचित झुकतो, तेव्हा ती बसवल्यावर एकदा बाजूने नजर टाका. मोनोरेल (एका रेलवर पुढे-मागे सरकणारा) कॅमेरा असेल तर आणखी एक सोय आहे. नेहमीच्या ग्राउंड ग्लासवर फोकस करायचा आणि मागचा स्टँडर्ड रेलवरच्या मापाने तेवढाच पुढे घ्यायचा. लेन्स जागची हलवायची नाही.

त्यानंतरचा क्रम: शटर बंद आहे का ते पाहा, कॉक करा (त्याची स्प्रिंग ताणा), डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) काढा, एक्स्पोजर द्या, स्लाइड परत घाला आणि मगच प्रिंट बाहेर काढायचं बटण दाबा. प्रिंट आपोआप येऊ द्या, ओढू नका. ओढली की रुळांचा वेग बदलतो आणि आडवे पट्टे पडतात. सेल उतरले असले तरी तेच होतं. ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा तसाच ठिपका दिसला तर रुळावर रसायन वाळलंय असं समजा. किंचित ओल्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसा. ते रसायन अल्कलीयुक्त असतं, हाताला लागलं तर लगेच धुवा.

प्रश्न: ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावर रुंद दृश्य घ्यायचं आहे. या बॅकवर ६५ मिमी चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: फील्ड (घडी होणाऱ्या) कॅमेऱ्यात बहुधा अडेल. फिल्म मागे असल्यामुळे लेन्स ग्राउंड ग्लासच्या ठरलेल्या पातळीपासून जेमतेम ४५ मिमीवर आणावी लागते. नेहमीचा बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता) इतका दबत नाही, आणि दबला तरी राइज-शिफ्टला, म्हणजे लेन्स वर किंवा बाजूला सरकवायला, वाव उरत नाही. बॅग बेलोज (पिशवीसारखा मऊ भाता) असलेला मोनोरेल असेल तर जमेल. नाहीतर ९० मिमी वापरा. चित्र लहान असल्याने ती पूर्ण ४×५ वरच्या साधारण ११८ मिमीसारखी वाटेल. म्हणजे फार रुंद नाही, पण काम होतं.

प्रश्न: तलावपाळीला दुपारी घेतलेल्या पोर्ट्रेटमध्ये पांढरा सदरा नुसता कोरा येतो, घडी नाही की बटण नाही. मीटर तर बरोबर दाखवतो.
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: इन्स्टॅक्सला प्रकाशातला फरक फार सोसत नाही. निगेटिव्ह फिल्मची सवय असलेला माणूस सावलीचं मोजमाप घेतो. इथे उजेडाचं घ्यायचं. स्पॉट मीटर (एका छोट्या भागाचाच प्रकाश मोजणारा) सदऱ्यावरच धरा आणि येईल त्या आकड्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), त्याहून नाही. चेहरा काळवंडत असेल तर पांढरा थर्मोकोल धरून सावलीत उजेड टाका.

दुसरी अडचण शटरची. कडक उन्हात आयएसओ ८०० ला एफ ३२ वर १/२५० किंवा एफ ४५ वर १/१२५ लागतं. कोपल ३ शटर १/१२५ च्या पुढे जातच नाही, आणि जुनी शटर वरच्या वेगांवर सुस्तावलेली असतात. १/२५० लावलं तरी प्रत्यक्षात १/१२५ मिळू शकतं. तीन स्टॉप प्रकाश कमी करणारा एनडी ०.९ फिल्टर लावा. मग हिशेब आयएसओ १०० चा होतो, एफ २२ वर १/६०. हे वेग जुनं शटरही बऱ्यापैकी पाळतं.

जवळून घेताना बेलोजची लांबी मोजा, पण ती फिल्मपर्यंत, ग्राउंड ग्लासपर्यंत नव्हे. १५० मिमी लेन्सला लांबी १८० झाली तर १.४४ पट, म्हणजे अर्धा स्टॉप जादा द्यावा लागतो. या फिल्मवर अर्धा स्टॉप डोळ्यांना दिसतो.

प्रश्न: पावसाळ्यात फिल्म कुठे ठेवावी?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: सीलबंद पॅक फ्रीजमध्ये, झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल. फ्रीझरमध्ये मुळीच नको. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढा आणि पॅक खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत आत दव धरतं. बॅकमध्ये भरलेला पॅक लवकर संपवा. मध्येच झाकण उघडलं तर वरच्या शीटवर प्रकाश गेलाच म्हणून समजा. फिल्म ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये नीट उमटते. पाम बीच रोडला उन्हात लावलेली गाडी ही मर्यादा सहज ओलांडते. विमानतळावर पॅक हातात देऊन तपासून घ्यायची विनंती करा, खासकरून सीटी स्कॅनर असेल तेव्हा.

प्रश्न: एचपी५ या कृष्णधवल निगेटिव्ह शीटवर घेण्याआधी इन्स्टॅक्सवर एक्स्पोजर तपासता येईल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: रचना आणि प्रकाशाची दिशा, हो. एक्स्पोजर, नाही. एचपी५ सावलीसाठी मोजायची असते, इन्स्टॅक्स उजेडासाठी.

प्रश्न: माझ्या जुन्या कॅमेऱ्याला फक्त स्प्रिंग बॅक आहे (होल्डर काचेखाली सरकवायचा, काच निघत नाही). मग माझ्यासाठी काहीच नाही?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: लोमोग्राफलॉक बसणार नाही; तिला ग्राउंड ग्लास पूर्ण काढावी लागते. पण निगेटिव्हशिवाय थेट कागदावर एकच चित्र (पॉझिटिव्ह) हवं असेल तर हार्मनचा डायरेक्ट पॉझिटिव्ह कागद साध्या शीट होल्डरमध्ये चालतो. आयएसओ १ ते ३ धरा, लाल दिव्यात भरा, नेहमीच्या पेपर डेव्हलपरमध्ये ट्रेमध्ये धुवा. कॉन्ट्रास्ट तीव्र असतो, म्हणून ढगाळ दिवस निवडा. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, तेव्हा चौकटीत पाटी येऊ देऊ नका.