सुरुवात पट्ट्यांपासून कर

प्रिय बाळा,

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जातल्या उत्तराचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. उत्तराला साडेतीनशे शब्दांची मर्यादा, आणि त्यातले पहिले ऐंशी शब्द तू गेल्या वर्षी प्रवेश नाकारला गेला त्याला दिलेस. ते पोर्टल उघडणं, आईने वाढून ठेवलेलं ताट तसंच राहणं... सगळं खरं आहे, मी तेव्हा तुमच्याच घरी होते. तरी तो भाग काढ.

तो निकाल पुन्हा तपासायला कुणी बसलेलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात ट्रान्स्फरचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून तिकडे जाण्याचा, अर्ज नव्याने वाचतात. एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण तर बघतच नाहीत. बघतात ते कॉलेजात तू कुठले विषय घेतलेस आणि त्यांत ग्रेड काय मिळाली. तुझ्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात क्वार्टर (तिमाही) पद्धत आहे, म्हणजे ९० युनिट्स (श्रेयांक) लागतील, आणि मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, सांगितलेले विषय त्यात हवेत. ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आपलं कॉलेज, तिकडचा कॅम्पस आणि मेजर निवडलंस की कुठला विषय कशाच्या जागी चालतो ते ओळीने दिसतं. ती यादी छापून फ्रिजवर लाव. फिजिक्सचा एक कोर्स राहून गेला, तर निबंध कितीही सुरेख लिहिलास तरी ती उणीव भरून निघणं कठीण.

ट्रान्स्फरवाल्यांना एक प्रश्न सक्तीचा असतो: या मेजरसाठी तुमची तयारी काय? तुझं उत्तर तुझ्याकडे आहे गं, आणि तू ते शेवटच्या दोन ओळींत कोंबलंस! ट्यूटरिंग सेंटरमध्ये येणारे ते चाळिशीचे इलेक्ट्रिशियन. दिवसभर काम करून कॅल्क्युलस शिकायला येतात. चल बदलल्यावर इंटिग्रेशनच्या मर्यादा का बदलायच्या, हे तीनदा सांगूनही त्यांना उमगेना. मग तू फळ्यावर एक इंचाची पट्टी काढलीस, खाली सेंटिमीटरची, आणि म्हणालीस, वरचा दोन खाली दोन कसा राहील? पुढची गणितं त्यांनी स्वतः सोडवली. हे मला फोनवर सांगताना तुझा आवाज किती वेगळा होता! तोच आवाज मसुद्यात येऊ दे.

सप्टेंबरात टॅग, म्हणजे हमीच्या प्रवेशाचा अर्ज, भर. हमीचा प्रवेश डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या कॅम्पसमध्ये मिळतो, पण टॅग एकाच कॅम्पसला करता येतो आणि काही मेजर त्यातून वगळलेले असतात, ते आधी बघ. बर्कलीला टॅग नाही. डेव्हिसला टॅग केल्याने बर्कलीचा अर्ज कमकुवत होत नाही, त्यामुळे त्यात कमीपणा मानू नकोस. मंडळाच्या गणपतीत कुणी ‘हल्ली कुठे असतेस?’ विचारलं, तर डी अँझा म्हणून मोकळी हो.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी