वाचकांचे प्रश्न : पिजॉटला दिलेला शब्द

मागील अंकातील या सदरात ‘पोकेमॉन’ मालिकेतील ऐश आणि पिकाचू यांच्या निरोपाच्या भागांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून एवढी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. पोकेमॉन म्हणजे माणसे सोबती करतात आणि एकमेकांशी लढवतात असे काल्पनिक प्राणी; पिकाचू हा त्यांतलाच एक, ऐशचा सोबती. त्यांची ही कार्टून मालिका जपानमध्ये 1 एप्रिल 1997 रोजी सुरू झाली आणि आपल्याकडे 2003 पासून ती हिंदीत दिसू लागली. मूळ जपानीत सातोशी नाव असलेला ऐश हा दहा वर्षांचा मुलगा बाराशेहून अधिक भाग दहाच वर्षांचा राहिला, नोव्हेंबर 2022 मध्ये पोकेमॉनच्या लढतींत एकदाचा जगज्जेता झाला आणि जानेवारी ते मार्च 2023 या काळात अकरा भागांची एक छोटी, आठवणींनी भरलेली मालिका करून त्याला निरोप देण्यात आला. जवळपास सगळी पत्रे या अकरा भागांबद्दल, आणि त्यांतही शेवटच्या भागाबद्दल आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझा तिशीतला मुलगा पुण्यात नोकरी करतो. सुट्टीला घरी आला असताना एका पक्ष्याचे कार्टून पाहून तो डोळे पुसत होता. मी कारण विचारले तेव्हा ‘तुम्हाला नाही कळणार, बाबा’ एवढेच म्हणाला. या वयात कार्टूनसमोर रडणे कितपत योग्य आहे? — एक वाचक, मिरज

उत्तर : योग्यायोग्यतेचा निवाडा बाजूला ठेवून, तो पक्षी कोण हे आधी सांगतो, म्हणजे आपल्या चिरंजीवांनी अर्ध्यावर सोडलेले वाक्य पुरे होईल. पहिल्याच भागात ऐश घराबाहेर पडतो, त्याला काहीही जमत नसते, पिकाचू त्याचे ऐकत नाही, आणि उतावीळपणे तो गवतातल्या एका पक्ष्याला दगड मारतो. तो पक्षी निघतो स्पिअरो, स्वभावाने खुनशी. त्याचा थवा या दोघांचा पाठलाग करतो, पिकाचू जखमी होतो आणि त्या संकटातूनच त्यांची मैत्री जुळते. पुढे ऐशला पिजी कुळातला एक पक्षी सोबती म्हणून मिळतो आणि 1999 मधील एका भागात तो वाढून पिजॉट होतो. त्याच भागात तो दगड खाल्लेला स्पिअरो आता फिअरो होऊन, जुना राग मनात धरून परत आलेला असतो आणि जंगलातल्या दुबळ्या पिजींना छळत असतो. त्यांच्या रक्षणासाठी पिजॉट मागे राहतो आणि ऐश त्याला शब्द देतो की मी परत येईन.

तो परत आला नाही. एक वर्ष गेले, पाच गेली, वीस गेली. ऐश नवनव्या प्रदेशांत फिरला, नवे सोबती जोडले, जिंकला, हरला. त्याच्या वाटेवर ते जंगल काही आले नाही. मालिका पाहणारी मुले दहावी झाली, बारावी झाली, नोकरीला लागली, आणि पिजॉटचे काय झाले हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एखाद्या न फेडलेल्या उधारीसारखा राहिला. 24 मार्च 2023 रोजी जपानमध्ये दाखवलेल्या शेवटच्या भागात ऐश आणि पिजॉट यांची भेट होते. आपल्या मुलाने डोळे पुसले ते बहुधा या ठिकाणी.

आपण शिक्षक होता, म्हणून विचारतो. मोठ्या माणसाने दिलेला आणि मग विसरलेला शब्द लहान मूल किती वर्षे लक्षात ठेवते, हे वर्गात आपण पाहिले नाही का? मुलाला पुन्हा कारण विचारू नका. त्याच्याशेजारी बसून तो एक भाग पाहा. आपल्याला रडू येईल असे मी म्हणत नाही, पण ‘तुम्हाला नाही कळणार’ हे वाक्य तो कदाचित मागे घेईल.

प्रश्न : जुनी पात्रे, जुनी दृश्ये, जुने सूर परत आणायचे आणि पंचवीस-तीस वर्षांच्या माणसांच्या भावनांवर धंदा करायचा, हा सरळसरळ हिशेब नव्हे काय? माझ्या मित्रांना असा कोणताही भाग ‘अप्रतिम’च वाटतो. — एक वाचक, विटा

उत्तर : हिशेब असतोच. मालिका चालवणारे धर्मादाय संस्था चालवत नाहीत. परंतु ओळखीची गोष्ट पुन्हा मागणे ही काही जपानी निर्मात्यांनी शिकवलेली सवय नव्हे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीतच रंगभूमीवर आणले, आणि पुढे संगीत नाटक भरात आल्यावर इथल्या प्रेक्षकांनी पाठ असलेल्या पदांना हक्काने ‘वन्स मोअर’ दिले. पात्राने पद म्हणून प्राण सोडला तरी वन्स मोअर आला की त्याला उठून पुन्हा गावे लागे, असे अजूनही हसत हसत सांगितले जाते. तेव्हा आपल्या मित्रांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या आजोबांचीही चौकशी करावी.

मात्र वन्स मोअर सगळे सारखे नसतात. ‘वन पीस’ ही दुसरी दीर्घ मालिका घ्या. ती 20 ऑक्टोबर 1999 पासून चालू आहे. तिचा हजारावा भाग नोव्हेंबर 2021 मध्ये आला तेव्हा अगदी सुरुवातीचे शीर्षकगीत नव्याने काढलेल्या चित्रांसह परत आणले गेले आणि चाहत्यांनी ते डोक्यावर घेतले. हा शुद्ध वन्स मोअर होय. सुखद आहे, गैर काहीच नाही, पण गाणे संपले की तोही संपतो. त्याच मालिकेला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे 20 ऑक्टोबर 2024 रोजी, ‘फॅन लेटर’ नावाचा विशेष भाग आला. मेगुमी इशितानी यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात नायक मंडळी फार थोडा वेळ दिसतात. गोष्ट आहे ती त्या मंडळींतल्या नामी या तरुणीवर जीव टाकणाऱ्या, तिला पत्र पोहोचवण्यासाठी धडपडणाऱ्या एका लहान मुलीची आणि तिच्याभोवतीच्या साध्यासुध्या माणसांची. जुने क्षण त्यांच्या बोलण्यातून येतात, जसे गावातली माणसे एखाद्या गाजलेल्या कुस्तीबद्दल वर्षानुवर्षे बोलत राहतात, आणि ज्याने ती पाहिलीच नाही तोही पाहिल्यासारखा बोलतो. मला तरी हा भाग हजाराव्या भागापेक्षा कितीतरी मोठा वाटला.

माझी कसोटी एवढीच आहे. विशेष भागाने जुने काहीतरी दाखवले की जुने काहीतरी पुरे केले? जुन्या दृश्यांचे तुकडे जोडून मध्ये दोन हळवे संवाद घातलेले भाग मी पाहिले आहेत. लग्नाचा अल्बम पाहुण्यांना दाखवावा तसे ते असतात. यजमान रंगलेले असतात आणि पाहुणे चहाची वाट पाहत असतात. तुमच्या मित्रांनी अशा भागालाही ‘अप्रतिम’ म्हटले असेल, तर मी तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : शेवटच्या अकरा भागांत ऐशची एके काळची सोबतीण सेरेना नाही. एवढ्या सोबत्यांना वगळून कसला निरोप? शिवाय ऐश त्याच्या पहिल्यापासूनच्या स्वप्नाप्रमाणे ‘पोकेमॉन मास्टर’ झाला की नाही, हेही धड सांगितलेले नाही. — एक वाचक, कराड

उत्तर : पहिल्या तक्रारीला माझ्याकडे फारसे उत्तर नाही. अकरा भागांत सव्वीस वर्षांची वरात मावत नाही, मिस्टी आणि ब्रॉक या सुरुवातीच्या सोबत्यांना जागा दिल्यावर इतरांच्या वाट्याला कमीच येणार होते, आणि ज्याने जो काळ पाहिला त्याला त्या काळातला सोबती महत्त्वाचा वाटणार. दुसऱ्या तक्रारीशी मात्र मी सहमत नाही. जगज्जेतेपद आधीच मिळाले होते. त्यानंतरही तो मास्टर व्हायचेच आहे म्हणतो, यावरून ती पदवी आणि ते पद वेगळे हे उघड आहे. शेवटी तो त्याचा अर्थ स्वतःपुरता लावतो, तो असा की जगातल्या सर्व पोकेमॉनशी मैत्री करणे म्हणजे मास्टर होणे. हे काम पुरे होणारे नाही. म्हणून तो पुन्हा चालू लागतो आणि आपण थांबतो. काही चाहत्यांना ही पळवाट वाटली. मला ती 1997 च्या दगडापासून इथपर्यंत आलेली सरळ वाट वाटली, कारण ज्या मुलाने पहिल्याच दिवशी एका पक्ष्याशी वैर ओढवून घेतले, त्याने शेवटी मैत्रीचीच व्याख्या करावी हे न्यायाचे आहे.

प्रश्न : मला निरोपाचे भाग पाहताना काहीच वाटले नाही. चित्रे तीच, पण आवाज आमचे नव्हते. माझ्यातच काही कमी आहे का? — एक वाचिका, वाई

उत्तर : आपल्यात काहीही कमी नाही, आपले कान शाबूत आहेत, एवढेच यावरून सिद्ध होते. जपानी प्रेक्षकाला 1997 पासून 2023 पर्यंत ऐशचा आवाज रिका मात्सुमोतो यांचा आणि पिकाचूचा आवाज इकुए ओतानी यांचा ऐकायला मिळाला. आपल्याकडे वाहिनी बदलली तसे हिंदी डबिंगचे आवाजही बदलले. त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला जी सलगता लाभली ती इकडे लाभली नाही, आणि आपण जपानीत पाहिले असेल तर तो आवाज आपल्या दृष्टीने नवखाच होता.

ही हुरहुर जपानी लोकांनाही ठाऊक आहे. ‘डोरेमॉन’ची 1979 मध्ये सुरू झालेली मालिका नोबुयो ओयामा यांच्या आवाजावर वाढली. 2005 मध्ये सर्व प्रमुख कलाकार एकदम बदलले आणि वासाबी मिझुता यांचा आवाज आला. आज वीस वर्षांच्या जपानी मुलाचा डोरेमॉन मिझुतांचा आहे आणि त्याच्या आईचा ओयामांचा. 2024 मध्ये ओयामा गेल्या तेव्हा त्या आईला जे वाटले असेल, ते मुलाला त्याच तीव्रतेने वाटणे कठीण. आवाजाशी लागलेला जिव्हाळा चित्रावर हस्तांतरित करता येत नाही.

प्रश्न : आमच्या गावात तेव्हा संध्याकाळी हमखास लोडशेडिंग असे. मी दिवस दिवस भाग चुकवले. पिजॉटचा निरोप मी लहानपणी पाहिलाच नाही. शाळेतल्या मित्राने डबा खाताना सांगितला. तरी शेवटचा भाग पाहून मला भरून आले. जे पाहिलेच नाही त्याची आठवण कशी येते? — एक वाचक, जत तालुका

उत्तर : या अंकातले मला सर्वांत आवडलेले पत्र आपले आहे. आपण तो भाग पाहिला नाही, पण तो ऐकला. आणि डबा खाता खाता, हातवारे करून, पंखांचे आवाज तोंडाने काढून मित्राने सांगितलेला भाग मूळ भागापेक्षा उणा होता असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे अर्धे रामायण असेच कानांनी आले आहे. वीज नसलेल्या गावांत मालिका दोनदा दाखवली जाई, एकदा पडद्यावर आणि दुसऱ्यांदा मधल्या सुट्टीत. भारनियमनाचे गुणगान मी करणार नाही. त्या अंधारात अभ्यास केलेल्यांना ते रुचणार नाही. एक मात्र विचारावेसे वाटते. शेवटचा भाग पाहिल्यावर आपण त्या मित्राला फोन केलात का? पत्रात तसे लिहिलेले नाही.

प्रश्न : 2005 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि चिप्सच्या पुड्यांतून जमवलेले माझे सगळे पोकेमॉनचे टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, गेले. आता माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला ऐश दाखवायचा आहे, पण बाराशे भाग कोण दाखवणार? निरोपापूर्वी किमान कोणते दाखवावेत? — एक वाचक, सांगली

उत्तर : टॅझोंबद्दल मनापासून वाईट वाटले. कृष्णेने त्या वर्षी याहून कितीतरी मोल असलेल्या गोष्टी नेल्या, हे खरे असले तरी आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या खजिन्याचे मोल त्याचे तोच ठरवतो.

बाराशे भाग अजिबात दाखवू नका; मुलीला कंटाळा येईल आणि त्याचे खापर ऐशवर फुटेल. पहिला भाग अवश्य दाखवा. मग जपानी क्रमाने एकविसावा, ज्यात ऐश बटरफ्री या आपल्या फुलपाखरासारख्या पोकेमॉनला मोकळे सोडतो. तो दाखवताना रात्रीची वेळ टाळा, कारण निरोप म्हणजे काय हे मुलांना त्यात पहिल्यांदा कळते आणि मग झोपताना प्रश्न सुरू होतात. नंतर 1999 चा पिजॉटचा भाग. तो झाल्यावर लगेच शेवटच्या भागाकडे उडी मारू नका. निदान दोन-तीन महिने जाऊ द्या, मध्ये तिला आवडतील ते सुटे भाग पाहू द्या. आपल्याला जवळपास वीस वर्षे वाट पाहावी लागली, तिने एक सहामाही परीक्षा होईपर्यंत थांबायला हरकत नाही. तेवढ्यात ती स्वतःच ‘बाबा, तो पक्षी?’ असे विचारील. तिने विचारले की शेवटचा भाग लावा; नाही विचारले तर आणखी थोडे थांबा. आणि पहिल्या भागात ऐश दगड उचलतो तेव्हा मध्येच काही समजावून सांगू नका. तो दगड तिला तिचा तिला पाहू द्या.